हलके डबे

माझा दहावीचा निकाल मला कळायच्या आधी क्लासवाल्यांना कळला होता. नांदेडच्या घरी सकाळीच बाबांच्या मोबाइलवर फोन आला. गोड आवाजाच्या कुणा बाईने माझं नाव घेऊन अभिनंदन केलं आणि विचारलं, "मग लातूरला कधी पाठवताय?" आई पेढे आणायला निघाली. मी मात्र शाळेतून आमचा नंबर कुणी दिला असेल, याचाच विचार करत बसले. तेव्हापासून कुणी काही फुकट देऊ लागलं की मी आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघते.

पुढे लातूरलाच एका छोट्या संस्थेत नोकरी लागली. भूकंपानंतर सुरू झालेली संस्था. प्रमुख निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना सगळे बाई म्हणत. भूकंपात त्यांनी ज्या पत्र्याच्या इमारतीतून मदत वाटली, तिथेच आता क्लासची फी न परवडणाऱ्या खेड्यांतल्या मुली राहून अभ्यास करत. मी तिथली कॉम्प्युटरवाली. म्हणजे एका चालू कॉम्प्युटरची राखणदार. बंद पडलेल्या माऊसचं बटण काढून दुसऱ्याला बसवायचं, इन्व्हर्टर रडायला लागला की पंखे बंद करायला लावायचे, हे माझं काम. इंग्रजी शाळेतली असल्याने माझं मराठी ऐकून मुली हसत. म्हणून मी बोलणंच कमी ठेवलं होतं.

अडचण अशी, की प्रवेशपरीक्षा कॉम्प्युटरवर द्यायची आणि सगळ्या मुलींत तो एकच. जळकोटची एक मुलगी गणितात सगळ्यांच्या पुढे होती. वहीत फटाफट सोडवायची, पण पडद्यावर बाण उत्तरापाशी न्यायला तिला वेळ लागायचा.

"दीदी, उत्तर येतंय हो मला," ती चिडून म्हणायची. "ह्यो बाणच जाईना तिकडं."

हाताला सवय हवी होती आणि तिची पाळी आठवड्यातून एकदा येई.

अशात ट्युशन एरियातल्या एका मोठ्या क्लासच्या सरांचा निरोप आला. ते जुने दहा कॉम्प्युटर द्यायला तयार होते. अट एकच, सराव परीक्षा त्यांच्या सॉफ्टवेअरवर द्यायच्या. मुलीचं नाव, फोटो आणि पालकांचा मोबाइल नंबर भरल्याशिवाय ते उघडायचंच नाही. मी बाईंना म्हटलं, हे कॉम्प्युटर देत नाहीत, नंबर घेतायत.

"तुझा कुणावर विश्वास आहे का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग यांच्यावरच एवढा राग का? आलेलं परत पाठवलं की पुन्हा कुणी दारात येत नाही. मी बघितलंय."

टेम्पो आला. स्वयंपाकाच्या मावशी भूकंपाच्या गावातल्या. हात पुसत बाहेर येऊन त्यांनी ड्रायव्हरला पहिला प्रश्न केला, "फोटू आधी हाय का नंतर?" त्यांच्या गावात एकाच घोंगडीचा फोटो तीन बायांबरोबर काढला होता आणि घोंगडी चौथीला मिळाली होती, असं त्या नेहमी सांगत.

त्यांनी सीपीयूचा एक डबा उचलला, मग दुसरा. "हे लई हलकं हाय की. आत काय हाय का न्हाई?"

मलाही तेच वाटत होतं. मी स्क्रू काढून बघितलं. चार पूर्ण होते. सहांमध्ये हार्ड डिस्क नव्हती, रॅमही नव्हती.

बाईंनी ऐकून घेतलं. "चार चालतात ना? मग आज फीत कापू दे त्यांना."

फीत कापली. सर भूकंपातल्या जिद्दीवर बोलले. फोटोग्राफर म्हणाला, एक हुशार मुलगी पुढे द्या. बाईंनी जळकोटच्या मुलीला पुढे केलं. सरांनी तिच्या हातात कीबोर्ड दिला, दोघं हसले, टाळ्या झाल्या. माझं तिकडे लक्षच नव्हतं. सॉफ्टवेअर टाकणाऱ्या त्यांच्या ऑपरेटरच्या बोटांवर मी नजर ठेवून होते.

तो गेल्यावर मी चारही कॉम्प्युटरवरून त्यांचं सॉफ्टवेअर पुसून काढलं. फुकटात मिळणारी, कुणाच्याच मालकीची नसलेली सिस्टिम टाकली आणि जुन्या प्रश्नपत्रिका बसून त्यात भरल्या. आठवड्याने ऑपरेटरचा फोन आला.

"मॅडम, तुमच्याकडून एक पण लॉगिन नाही."

"लाइट नव्हती."

"आठ दिवस?"

"येते-जाते."

लातुरात यावर कोण वाद घालणार?

चार कॉम्प्युटरवर मुलींचा हात बसला. जळकोटच्या मुलीला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. पेढे संपायच्या आत बसस्टँडसमोर फलक लागला. त्यावर तिचा हसरा चेहरा होता, खाली क्लासचं नाव आणि 'आमची विद्यार्थिनी'. कीबोर्ड आणि आमची भिंत तेवढी कापली होती. मी नाव जपलं, नंबर जपला. फोटो आम्ही टाळ्या वाजवून दिला होता.

मला वाटलं ती रडेल. ती तणतणत आली. "गावात इचारायलेत, बापानं एवढी फी कुठनं आणली. चला दीदी, माझ्याबरोबर."

सरांच्या ऑफिसात सोफ्यावर पालक बसले होते. ती उभ्या उभ्याच बोलली. "सर, फोटो छान आलाय. फक्त मी तुमच्या क्लासला कधी आले न्हाई."

सर हसले. "बेटा, दहा कॉम्प्युटर दिलेत आम्ही."

"चार, सर. बाकी सहा डबे हायत. माझी बहीण जूनमध्ये तिथं येणार हाय. तिला डबा नको."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "हार्ड डिस्क नाही," मी म्हटलं. "रॅम पण नाही." सोफ्यावरचे एक गृहस्थ ऐकायला पुढे सरकले.

"पाठवतो," सर लगेच म्हणाले. "फलकही उतरवतो."

फलक पुढच्या निकालापर्यंत तसाच होता. सामान मात्र चार दिवसांत आलं आणि बरोबर तोच फोटोग्राफर. मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "फोटू नंतर. आधी चालू करा."

मी एकेक बसवून सुरू केला. सहाही पडदे उजळले. नव्या डिस्कवर क्लासचं सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं होतं. फोटोग्राफर म्हणाला, "आता मुली बोलवा." मुली होत्या त्या आतल्या खोलीचं दार मी ओढून घेतलं आणि त्याच्याकडे पाठ करून समोरच्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर पुसायला बसले. त्याने थोडा वेळ वाट बघितली आणि मग रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढून तो गेला.