थर्मामीटरचं पान

मालगुजारीणबाईनं बोटांवर पदर घेतला, माझ्या हातातला थर्मामीटर ओढला आणि उकळत्या पाण्यात टाकला.

"महाराच्या पोरीच्या हातचं माह्या सुनेच्या तोंडात नाई जाणार," ती म्हणाली. "उकळू दे आधी."

गोंदियाच्या त्या दवाखान्यात पैसेवाल्यांची माणसं व्हरांड्यातच शेगडी मांडायची. बाळंतिणीला प्यायचं पाणी तिथंच पितळेच्या गंजात उकळायचं. मी "नको" म्हणेपर्यंत काच तडकली होती. बाईनं पळीनं दोन तुकडे काढून फेकले आणि पाणी गाळायला फडकं मागितलं. पारा तळाशी बसला होता. तेच पाणी आता सुनेला जाणार होतं.

मी ॲप्रनच्या टोकानं गंज धरला आणि सगळं पाणी नालीत ओतून दिलं.

"गंजाले हात काऊन लावलीस वं?"

"पाण्यात पारा पडला," मी म्हणाले. "विष असतं ते."

माझं कुणी ऐकलं नाही. महाराच्या पोरीनं मालगुजाराच्या भांड्याला हात लावला, एवढीच गोष्ट वॉर्डभर झाली. गावांचा सारा वसूल करायचा हक्क, ती मालगुजारी, सरकारनं काढून घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. पण त्या घरच्या माणसाला खिडकीजवळची खाट अजून न मागता मिळायची.

माझं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षेला बसायचं तर एक वही भरावी लागायची. प्रत्येक कामाचं एक पान. खाली मॅट्रनबाईंची सही. बेडपॅन, एनिमा, ओकारीची भांडी, मेलेल्याचं अंग पुसणं, ही माझी पानं पहिल्याच वर्षात भरली. ताप घेणं, औषध पाजणं, पेशंटला भरवणं, ही कोरी होती. बेडपॅन द्यायला माझा हात चालायचा. त्याच पेशंटला घोटभर पाणी द्यायला चालायचा नाही. भांडी घेऊन मी मागच्या दारानं यायची आणि मागच्याच दारानं जायची.

आणि धडे कोण घ्यायचं? मीच. होस्टेलच्या मुलींकडून मी पाठ करून घ्यायची. थर्मामीटर पंचाण्णवच्या खाली झटकायचा. पेशंट नुकताच चहा प्यायला असेल तर थांबायचं. जिभेखाली ठेवायचा, ओठ मिटायला सांगायचं. धुवायचा तो थंड पाण्यात, गरम पाण्यात कधीच नाही. माझ्याकडून शिकून त्या पेशंटजवळ जायच्या. त्यांची पानं भरायची. मला त्यांचा राग यायचा आणि मग रागाचीच लाज वाटायची.

सोडून जायचीही सोय नव्हती. कोर्स मध्येच सोडणार नाही, या कागदावर आईचा अंगठा होता. आणि जाणार कुठं? गावी आई विड्या वळायची. मी परत गेले असते तर तिच्या शेजारी तंबाखू-पानांचं दुसरं सूप मांडलं असतं.

मॅट्रनबाई वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतःचं जुनं पुस्तक मला दिलं होतं. "ज्याची तक्रार येणार नाही असा पेशंट बघ आणि घे ताप," म्हणायच्या. असा पेशंट मला मिळाला नाही. परीक्षेचा फॉर्म शनिवारी जायचा होता. म्हणून त्या सकाळी मी कुणाला न विचारता त्या सुनेच्या खाटेजवळ गेले. बाळंतपणानंतर तिला तीन दिवस ताप होता. तिनं माझ्यासाठी तोंडही उघडलं होतं.

मॅट्रनबाईंनी मला खोलीत बोलावलं. माझी वही टेबलावर उघडी होती.

"मालगुजारांचा माणूस डॉक्टरांकडे जाऊन बसलाय," त्या म्हणाल्या. "लिहून दे. थर्मामीटर मी गरम पाण्यात धुतला म्हणून फुटला. भांड्याला हात लावला ही माझी चूक झाली. एवढं लिही, मी आत्ता सगळ्या पानांवर सही करते."

"सगळ्या?"

"तापाच्यासुद्धा."

खोटं कशाला सांगू, मी लिहायला बसले. 'थर्मामीटर मी' इथपर्यंत लिहिलंसुद्धा. आईला किती बरं वाटेल, हे डोक्यात होतं. पुढचा शब्द होता 'गरम'. तिथं हात अडला.

न केलेल्या कामांच्या सह्या मला मिळणार होत्या. त्या बदल्यात, मला जे येतं ते येत नाही, असं मी माझ्या अक्षरात लिहून द्यायचं होतं. पहिल्या महिन्यातल्या पोरीला येतं ते. माझ्याकडे दुसरं काय होतं? जमीन नाही, घर नाही, हाताला मान नाही. शिकलेलं तेवढं माझं होतं. तेही या लोकांना माझ्याच हातून पुसून हवं होतं. मला असा संताप आला की कानशिलं तापली.

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं, 'थर्मामीटर थंड पाण्यात धुतात. हे मला माहीत आहे. तो मी गरम पाण्यात टाकला नाही. पाण्यात पारा होता म्हणून ओतलं.' खाली सही केली.

मॅट्रनबाईंनी वाचलं.

"फॉर्म जाणार नाही मग. वर्ष जाईल तुझं. कशासाठी?"

"मला येतं म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

दुपारी खिडकीजवळून हाक आली. "बेडपॅन आण वं पोरी." सकाळी काही झालंच नव्हतं, असा आवाज.

मी हात धुतले. एका हातात बेडपॅन घेतला, दुसऱ्या हातात ट्रे, ट्रेमध्ये नवा थर्मामीटर. आणि पुढच्या दारानं, शेगडीजवळून, खाटेजवळ गेले.

"आधी ताप बघीन," मी म्हणाले. "दोन्ही कामं याच हातांची आहेत. हात चालत नसेल तर दोन्ही तुम्ही करा."

मालगुजारीणबाईनं माझ्या हातातला बेडपॅन हिसकला आणि स्वतः सुनेखाली सरकवला. नंतर तो भरलेला बेडपॅन घेऊन तीच मागच्या दारानं गेली. ताप मला घेऊ दिला नाही. सुनेनं तोंड भिंतीकडे वळवलं.

शनिवारी बाकीच्या मुलींचे फॉर्म गेले. माझं तापाचं पान कोरं राहिलं. कागदावर आईचा अंगठा तसाच होता, वॉर्ड तोच होता, पुढचं वर्षही तिथंच काढायचं होतं. पण मी एक ठरवलं आणि ते मोडलं नाही. आता कुणाच्याही खाटेजवळ मी नुसता बेडपॅन घेऊन जाणार नाही.