भोंगेकाकांचे पाच स्पीकर

गल्लीत त्यांना सगळे भोंगेकाका म्हणत. शाळेचं संमेलन असो, धावण्याच्या शर्यती असोत नाहीतर कुणाची सभा, काका आपले भाड्याचे भोंगे घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. भोंग्याचं काम तसं सरळ. एक आवाज घ्यायचा आणि मैदानाच्या टोकापर्यंत पोचवायचा. काकांनी ते वर्षानुवर्षं हसतमुखाने केलं, पण त्यांचा जीव अडकला होता दुसरीकडेच.

झालं असं, की एकदा ते शहरातल्या तारांगणात जाऊन बसले. अंधारात एक आवाज समोरून निघाला, कानाशेजारून गेला आणि पाठीमागे विरला. काका खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळून बघायला लागले.

"काही हरवलं का?" शेजारच्याने विचारलं.

"नाही, सापडलं," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी ध्यासच घेतला. मिळेल तिथे जाऊन शिकले, जुनी यंत्रं जमवली, आणि घराची मागची खोली रिकामी करून तिथे पाच स्पीकर मांडले. समोर डावा, मधला आणि उजवा, पाठीमागे दोन. त्यांची बायको पुढच्या खोलीत कपडे शिवायची. तिने वायरींचा तो गुंता बघितला आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी शिवून टाकली. मधल्या स्पीकरच्या वायरीला पिवळी, उजव्याच्या वायरीला लाल. खोलीच्या मधोमध ऐकण्यासाठी ठेवलेली खुर्ची मात्र काकांच्या आईने पहिल्याच दिवशी बळकावली. सरावाला काका एका धूमकेतूचा आवाज डावीकडून मागे न्यायचे.

"अरे, तुझा धूमकेतू आज माझ्या कानाला घासून गेला," आई तिथून सांगायची. "जरा लांबून ने."

काका खरोखरच तो लांबून न्यायचे.

अखेर तारांगणाच्या संचालक बाईंनी त्यांना एक कार्यक्रम नमुना म्हणून करायला दिला. विषय होता धूमकेतू. पसंत पडला तर पुढचे सगळे कार्यक्रम काकांकडे. नाही पडला तर भोंगे होतेच. शुक्रवारी सकाळी बाई घरी येऊन ऐकणार होत्या.

निवेदकाचा आवाज तेवढा यायचा राहिला होता, तो बुधवारी आला. काकांनी कानाला हेडफोन लावून, जेवणाच्या टेबलावर बसून तो बरोबर मध्यभागी ठेवला. गोम पुढेच होती. संगणकातला प्लग-इन, म्हणजे आवाज पाच वाटांनी वाटून देणारा छोटा प्रोग्राम, डावा, मधला, उजवा असं मोजायचा. स्पीकरच्या वायरी ज्या पेटीत खोचलेल्या होत्या, ती मात्र डावा, उजवा, मधला असं मोजायची. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. पण दोन नंबरचा आवाज पेटीच्या दोन नंबरच्या भोकातून बाहेर पडला, की मधला माणूस थेट उजवीकडे. हेडफोनमध्ये हे कळायला मार्ग नव्हता, आणि आधीचा धूमकेतू डावीकडून मागे जायचा, मधल्या-उजव्याशी त्याचा संबंधच आला नव्हता.

गुरुवारी दुपारी काका एका मेकॅनिक मित्राकडे गेले होते. आईने फर्मान सोडलं, "सूनबाई, तो नवीन बोलणारा ऐकव बघू."

सूनबाईंनी लावलं. आई थोडा वेळ ऐकत राहिली.

"हा कपाटाजवळ जाऊन का उभा राहिलाय? रुसलाय का कुणावर?"

कपाट होतं उजव्या स्पीकरच्या मागे. सूनबाईंनी दोनदा ऐकलं, पेटीच्या मागे वाकून बघितलं, आणि पिवळ्या चिंधीची वायर लालच्या जागी, लाल पिवळ्याच्या जागी खोचली. निवेदक मुकाट्याने मध्यभागी येऊन बोलू लागला.

"आई, यांना काही सांगू नका हं. उद्याच्या तोंडावर उगाच जीव खाली-वर होईल त्यांचा."

"मी कशाला सांगतेय," आई म्हणाली.

तिकडे मित्र काकांना म्हणत होता, "त्या पेटीचा क्रम वेगळा असतो, ते बघितलंस ना?" काकांच्या हातातला चहा तसाच राहिला. ते तडक घरी आले. पुढच्या खोलीत बायको एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही मापत होती. आवाज लावून बघावा तर ती येऊन काय झालं म्हणून विचारणार. म्हणून काकांनी आवाज न करता पडद्यावरच्या तक्त्यात दोनचा आवाज तीनला आणि तीनचा दोनला जोडला. आई खुर्चीत डोळे मिटून होती. तिने एक डोळा उघडला.

"हिला सांगू नकोस गं," काका हळूच म्हणाले. "इतके दिवस हिच्यापुढे शहाणपणा मिरवलाय मी."

"बरं," आई म्हणाली आणि डोळा मिटून घेतला.

आणि मग काकांनी कानात कापूस घातला. काम दाखवण्याच्या आदल्या संध्याकाळपासून ते काहीच ऐकत नसत. कान ताजे हवेत, हा त्यांचा नेम. रात्री त्यांना जेवायला बोलवायचं तर बायकोला दारात उभं राहून पळी हलवावी लागली.

शुक्रवारी बाई वेळेवर आल्या. आईने मोठ्या मनाने खुर्ची सोडली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. काकांनी बटण दाबलं. मागून सूर उमटले, खोली भरून गेली, आणि निवेदक कपाटाजवळून बोलायला लागला.

बाईंनी मान उजवीकडे वळवली. "हा मुद्दाम तिकडे ठेवलाय का?"

काका अर्धवट उठले. "नाही हो. कालच तर मी..." आणि त्यांनी बायकोकडे चोरून बघितलं.

"असं कसं होईल?" दारातून बायको म्हणाली. "काल तर..." आणि तिने वायरींकडे बघितलं.

बाईंनी पर्स खांद्याला लावली. "हरकत नाही. मला आणखी एकांकडचं काम ऐकायचंय. तुमचं बघू पुन्हा कधीतरी."

"बसा हो बाई," कोपऱ्यातून आई म्हणाली. "आता मला तोंड उघडायलाच हवं. याने काल संगणकात काहीतरी बदललं, आणि हिने त्याआधी मागच्या वायरी बदलल्या. दोघांनीही मला गप्प बसायला सांगितलं. मी बसले. मला वाटलं, दोघांनी दुरुस्त केलंय म्हणजे दुप्पट चांगलं झालं असेल."

काका बायकोकडे बघत राहिले. "तू वायरी बदललीस? मला सांगायचं नाही का?"

"आणि तुम्ही सांगितलंत वाटतं?"

"संध्याकाळी तरी सांगायचंस."

"तुमच्या कानात कापूस होता."

पुढच्या क्षणी काका कीबोर्डकडे धावले आणि बायको टेबलामागे वाकली.

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. "दोघांनी केलंत तर पुन्हा तिथेच याल. कुणीतरी एकानेच करा." आणि इतका वेळ धरलेलं हसू त्यांना आवरेना.

काकांनी हात मागे घेतला. "कर तूच. तुझा हात सफाईचा."

तिने लाल आणि पिवळी पुन्हा आपापल्या पहिल्या जागी खोचली. काकांनी पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी निवेदक बाईंच्या अगदी समोर येऊन बोलला. मग धूमकेतू निघाला, डाव्या कोपऱ्यातून आला, खुर्चीला वळसा घालून मागे गेला आणि विरत विरत नाहीसा झाला. बाई खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळून बघायला लागल्या.

"पुढचा कार्यक्रम ग्रहणांवर आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "आमच्याकडच्या वायरी कुणी कशा लावल्यात, देव जाणे. मंगळवारी येऊन बघा. दोघंही या. एकाने समोर बसायचं, एकाने मागे, आणि एकमेकांशी बोलत राहायचं."

"आणि मी?" आईने विचारलं.

"तुम्ही आला नाहीत तर कुठे काय बिघडलंय ते आम्हाला सांगणार कोण?"

तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली. "वहिनी, कोट झाला का?"

"आले, आले," वहिनी म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. काका धूमकेतू पुन्हा लावत होते, आणि आता आवाज जरा मोठाच ठेवला होता. थोड्या वेळाने गिऱ्हाईक स्वतःच आत आलं, एक हात कोटाच्या बाहीत, दुसरा बाहेर. कुणी त्याला बस म्हटलं नाही. तो आपणहोऊनच जमिनीवर बसला.