उत्तर आलं ना, मग झालं

कचोरीच्या तेलाने माखलेलं बोट माझ्या स्क्रीनवर टेकवून तो म्हणायचा, "उत्तर आलं ना? मग झालं." तेलाचा डाग तिथेच राहायचा. मला शिसारी यायची.

जयपूरच्या त्या ऑफिसात मराठी असे आम्ही दोघंच. तो अमरावतीचा, माझा टीम लीड. म्हाताऱ्या आईला घेऊन दुर्गापुऱ्यात राहायचा. एका रुग्णालयाचं सॉफ्टवेअर आम्ही सी भाषेत लिहीत होतो. नोंदी साठवणाऱ्या सर्व्हरच्या उत्तरापासून लायब्ररी, म्हणजे आयता घेतलेला कोड, कर्सर नावाचा एक मदतनीस बनवते आणि तो एकेक नोंद हातात देतो. गंमत अशी, की सर्व्हरने नकार दिला तरी त्या नकाराचाही कर्सर बनतोच, फक्त रिकामा, जणू नोंदच नाही. म्हणून शेवटी कर्सरला विचारायचं असतं, बाबा रे, काही चुकलं का? ती विचारणारी ओळ मी लिहायचो, आमचा लीड खोडायचा.

पुढे त्याच्या आईला त्याच रुग्णालयात ठेवलं. तिला तो मऊ भात भरवायचा, संत्र्याच्या फोडी सोलून द्यायचा. ते मी पाहिलंय आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तिला पेनिसिलीन चालत नाही, हे त्यानेच भरती करताना लिहून दिलं होतं. पण इंजेक्शनच्या वेळी सर्व्हरने नोंदी द्यायला नकार दिला आणि आमच्या स्क्रीनवर आलं, ॲलर्जी नाही. नर्सने सुई उचलली. त्याने तिचा हात धरला. "सिस्टर, रुकिए. मम्मी को ये नहीं चलता."

आठवड्याने कँटीनमध्ये हे तो आपल्या प्रसंगावधानाची गोष्ट म्हणून रंगवून सांगत होता. स्क्रीन खोटं दाखवतो हे रुग्णालयात सांगितलंत का, असं मी विचारलं.

"मतलब? आपलंच नाव खराब करायचं? आईचं तर निभावलं ना."

आणि त्याने कचोरी चटणीत बुडवली. अख्खा वॉर्ड त्याच स्क्रीनच्या भरवशावर पडला होता. मी उठून रुग्णालयाला फोन केला आणि ती ओळ परत घातली.

आपल्या पानात वाढलं की पंगत जेवली असं मानणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हा तर बढती घेऊन पुण्याला गेला. तिथे घर लागेपर्यंत आई इथेच होती, म्हणून मी भेटायला गेलो. तिने चहा दिला.

"पोरगा होता म्हणून वाचली मी," ती म्हणाली. "बाजूच्या खाटेवरच्या बाईपाशी कोणीच नव्हतं. तिचं काय झालं असन रे?"

वॉर्डातल्या बाकीच्यांचं काय झालं, हे मी तेव्हाच रुग्णालयाला विचारलं होतं. उत्तर आलं नव्हतं.