सुषमा गेली, तिचे किडे मागे राहिले

बायको गेली आणि घरात माझ्या सोबतीला फक्त किडे उरले.

गाळातले किडे. लाल, दोऱ्यासारखे बारीक. मागच्या पडवीत काचेच्या टाक्यांमध्ये ठेवलेले.

आज सुषमाला जाऊन वर्ष झालं.

तिला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. ती डहाणूच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवायची. माहेर कैनाडचं. मी तलासरीत शाळेत मास्तर. मूलबाळ नाही. घरात बोलायचं काम तिचं, ऐकायचं माझं.

कैनाडला तिच्या भावाच्या शेताशेजारी एक तळं आहे. पूर्वी तिथे वीटभट्टी होती. मातीसाठी खणलेला खड्डा पावसाने भरला आणि त्याचं तळं झालं. भट्टीतली कोळशाची राख वर्षानुवर्षं त्यातच पडली होती.

तिचा भाऊ विलासदादा आणि गावातली काही माणसं मिळून त्या तळ्यात मासे सोडणार होती.

दादा खुशीत घरी आला. "पाणी तपासून आणलं. एकदम क्लीन आहे."

सुषमा म्हणाली, "दादा, पाण्यात नसेल. गाळात आहे. राखेतलं सेलेनियम."

"गाळ खातंय कोण?"

"किडे खातात. किड्यांना मासे खातात. माशांना आपण."

दादा हसला. ती हसली नाही.

मग तिने त्याला बसवून समजावलं. सेलेनियम शरीराला अगदी कणभर लागतंच. जास्त झालं की माशांची पिल्लं वाकड्या पाठीची निपजतात. तळाच्या गाळात ऑक्सिजन पोचत नाही, तोवर ते तिथे बांधल्यासारखं पडून असतं. पण किडे गाळात बिळं करतात, बिळांतून वरचं ताजं पाणी आत ओढतात. मग ते सुटतं आणि पाण्यात येतं.

"आत्ता तळ्यात किडे कमी आहेत. तुम्ही माशांसाठी शेण टाकणार, कोंडा टाकणार. मग बघ कसे वाढतात."

"नक्की?"

"नक्की नाही. मला वाटतंय. तपासायला लागेल. एक पावसाळा थांब."

दादा थांबला. बाकीचे चिडले. बहीण शिकली म्हणून भावाचा धंदा बसवायला निघाली, असं गावात बोलू लागले. ते तिच्या कानावर आलं. त्या रात्री ती जेवली नाही.

तिने त्या तळ्यातला गाळ आणला, टाक्यांत भरला. काहींत किडे सोडले, काहींत नाही. हवेचे छोटे पंप लावले. कॉलेजातून आली की पर्ससकट आधी पडवीत.

मी विचारलं, "काय निघावं असं वाटतं तुला?"

"काहीच निघू नये," ती म्हणाली. "दादाचे मासे होऊ देत."

गणपती होऊन गेले आणि एका दुपारी ती स्टाफरूममध्ये डबा उघडताना कोसळली. मेंदूत रक्तस्राव. मी तलासरीहून पोचलो तोवर सगळं संपलं होतं.

तेरावं झालं. पाहुणे गेले.

तिच्या पीएचडीच्या गाईड मॅडमचा फोन आला. खूप संकोचून म्हणाल्या, "सर, विचारू नये, पण... टाक्या चालू आहेत का?"

चालू होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पंप बंद करायला हात धजला नव्हता.

"मग अजून थोडे आठवडे सांभाळाल?"

सांभाळल्या. मॅडम सांगतील तसं पाणी काढून बाटल्यांत भरून पाठवत राहिलो.

शाळेतून आलो की चहा घेऊन पडवीत बसायचो. किडे गाळात डोकं खुपसून शेपट्या वर हलवत असायचे. सगळे जिवंत. मला त्यांचा राग यायचा. मग वाटायचं, घरात एवढंच तर हलतंय.

रिझल्ट आले. किडे असलेल्या टाक्यांच्या पाण्यात सेलेनियम बरंच वाढलं होतं. नुसत्या गाळाच्या टाक्यांत फार नाही. आणि किड्यांच्या अंगात तर त्याहून कितीतरी जास्त.

दादाला बोलावलं. तो पडवीत उकिडवा बसून टाक्यांकडे बघत राहिला.

"म्हणजे खरं निघालं, भाऊजी."

"हो."

"मला वाटत होतं, खोटं निघावं."

"तिलाही तेच वाटत होतं, दादा."

तेव्हा तो रडला. तिच्या तेराव्याला रडला नव्हता.

कैनाडच्या त्या तळ्यात मासे सोडले नाहीत. दादाने स्वतः कुंपण घातलं. मॅडमच्या माणसांनी टाक्या गाळासकट कॉलेजात नेल्या. पडवी धुतली. आता तिथे बसवत नाही.

मागच्या महिन्यात झरी गावच्या काही बायकांनी बोलावलं. त्यांच्याकडेही भट्टीचा तसाच जुना खड्डा आहे, बचत गटाला मासे करायचेत. कॉलेजातून कोणी येईपर्यंत मास्तर, तुम्हीच सांगा, म्हणाल्या.

मी जमेल तसं सांगत होतो. एकीने विचारलं, "पण पाणी तर चांगलं दिसतंय ना?"

मी म्हणालो, "पाणी बघू नका. आधी गाळ तपासून घ्या, असं सुषमा म्हणते."

म्हणते.

त्यांना वाटलं असेल, बायको घरी आहे.

मीही दुरुस्त केलं नाही.

सुषमा, तुला निरोप देतोय. जमत नाहीये, तरी देतोय.