नादारीचा अर्ज

ही गोष्ट सांगायचं मी पंचवीस वर्षं टाळलं. परवा पावतीपुस्तकातल्या कार्बन पेपरचा वास आला आणि नगरच्या कोर्टाबाहेरची ती दुपार आठवली.

माझं व्हिडिओ कॅसेटचं दुकान बुडालं होतं. पतसंस्थेत मला जामीन राहिलेला मित्र, सोनईचा याकोब गुरुजी, त्यानंच मला वकिलाकडे आणलं. झाडाखाली टायपिस्ट माझा नादारीचा, म्हणजे दिवाळं निघाल्याचा, अर्ज टाइप करत होता. याकोब सरबत आणायला गेला, तेव्हा वकील म्हणाले, "तुम्ही सुटाल, पण जामीनदार सुटत नाही. सांगितलंय ना त्यांना?"

मी होकारार्थी मान हलवली. माणूस नादार झाला की कर्जच संपतं, अशी माझी समजूत. मग ते याकोबकडे कसं जाणार?

याकोब ग्लास घेऊन आला. "पी गड्या, नादाराला फुकट हाय. काय म्हनले वकील? सुटलो ना आपन दोघं?"

"व्हय," मी म्हणालो.

पुढं सात वर्षं त्याच्या पगारातून हप्ते कापले गेले. मला तेव्हा खरंच कळलं नव्हतं, की कळूनही मी व्हय म्हणालो, हे अजून उमगत नाही.

तो गेल्यावर वहिनींना भेटायला गेलो. 'चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं.

"भावजी, ह्यांचा तुमच्यावर लई भरवसा हुता," त्या म्हणाल्या.

मी पाणी पिऊन परत आलो.