फावडं आणि दंडवत

वामनमामाजी सापालासुद्धा दंडवत घालायचे. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून चालताना गवतात काही सळसळलं की थांबायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "दंडवत देवा. तुमी पह्यले निंगा, मंग आमी." मागे आम्ही धान रोवणाऱ्या बाया रोपांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन ताटकळत उभ्या. एकदा तर त्यांनी तुटक्या दोराला दंडवत घातला आणि तो हलेना म्हणून आम्हाला वळसा घालून नेलं.

ते माझे सासरे नव्हेत. एकोडी गावात आमच्या शेताला त्यांचं शेत लागून, म्हणून मामाजी. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेले. कुणावर हात उगारायचा नाही, हे व्रत. काठीच्या दोन्ही टोकांना जुन्या धोतराच्या चिंध्या बांधलेल्या, चुकून कुणाला लागली तरी दुखू नये म्हणून. आणि मी आंधळगावची. माझा हात आधी चालतो, तोंड नंतर.

आमच्या दोघांचा शत्रू एकच, मोतीराम. तलावाचं पाणी पाटानं आधी त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, यायचं, मग आमच्या. पाळी ठरलेली होती, पण ऐन रोवण्यात हा गडी चिखल लावून पाट बुजवायचा. आमची रोपं पिवळी पडायला लागली, तशी मी फावडं उचललं. "आज याचं डोस्कं फोडीन!"

"फोडून पानी येते का, सूनबाई?" म्हणत मामाजी माझ्यापुढे निघाले. मोतीराम पाटात उभा होता. "दंडवत, मोतीरामभाऊ," असं म्हणून सत्तरीचे मामाजी त्याच्या पायांशी आडवे झाले, थेट पाटात, चिखलाच्या बांधावर डोकं ठेवून. रोवणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघायला लागल्या. कुणीतरी मोबाइल काढला.

"ऊठ ना गा बुवा, लोक पाहून राहिले!" मोतीराम कळवळला.

"तू चिखल काढ, मी उठतो. मले घाई नाही."

संध्याकाळी पाणी माझ्या बांधीत खळखळत होतं आणि मी मामाजींशी भांडत होते. "हे जबरदस्तीच झाली ना, मामाजी?"

"झाली ना," ते शांतपणे म्हणाले. "पन लागलं कोनाले?"

त्या वर्षी धान कापणीला आलं तेव्हा भर सकाळी पिल्लांसकट रानडुकरीण मोतीरामच्या बांधीत शिरली. तो ओरडत हाकलायला धावला आणि ती उलटली. त्याची मांडी फाडून ती पुन्हा त्याच्यावर येत होती. मी विळा घेऊन पळाले, पण मामाजी आधी पोचले. त्यांनी काठी दोन्ही हातांनी उगारली आणि अशी हाणली, की काठीचे दोन तुकडे झाले. डुकरीण पळाली. मामाजी तिच्या पाठीकडे हात जोडून "दंडवत, माय, दंडवत," म्हणत रडायला लागले.

"अबे, मी मरून राहिलो इथं," मोतीराम खालून ओरडला, "अन् हा डुकरासाठी रडून राहिला!"

मोतीरामला दवाखान्यात नेलं. मामाजींनी मात्र अन्न सोडलं. तीन दिवस ते शेताशेतांतून वाकून डुकरिणीच्या खुरांचे ठसे शोधत होते. चौथ्या दिवशी माझ्याकडे आले, चेहरा फुललेला. "चारही पाय बरोबर पडून राहिले, सूनबाई! लंगडत नाही ते. आन, भात वाढ."

मी विचारलं, "मंग व्रत मोडलं का नाही?"

"मोडलं. मठात सांगून येतो, प्रायश्चित्त घेतो." त्यांनी भाताचा घास कालवला. "मारलं, ते पाप माह्यावर. तो मेला असता अन् मी पाहत राहिलो असतो, तं तेही माह्यावरच. दोन्हीतलं जे मले उचलता आलं, ते उचललं."

इतका मोठा माणूस इतक्या साधेपणानं जेवत होता. मी आणखी भात वाढला.

ते होते तोवर मोतीरामनं पाटाला हात लावला नाही. या उन्हाळ्यात मामाजी गेले. त्यांच्या पंथाच्या रीतीनं त्यांना भूमीत ठेवलं. आणि यंदाच्या रोवण्यात, माझ्या पाळीच्या दिवशी, पाट कोरडा.

मी फावडं घेऊन तणतणत गेले. मोतीराम फाटक्या मांडीचा पाय ओढत पाटात चिखल थापत होता. माझ्या हातातलं फावडं पाहून त्यानंही आपलं उचललं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. अंगात नुसती आग होती. काय झालं कुणास ठाऊक, मी फावडं धुऱ्यावर टेकवलं, पदर खोचला आणि पाटात गुडघे टेकले.

"दंडवत, मोतीरामभाऊ."

त्याचं फावडं खाली आलं. तो लगबगीनं वाकला आणि दोन्ही हातांनी चिखल उपसायला लागला. पाणी माझ्या गुडघ्यांना लागलं, तरी त्यानं मान वर केली नाही.

"ने पानी, वहिनी," तो म्हणाला. "पन तो शब्द नोको काढू. मांडी दुखते."