दारावरची पेटी आणि ब्रेंडाचे नऊ गुण

तुमच्या दारात दिवसभर एक आवाज चालू आहे, तो पोरांना ऐकू येतो आणि तुम्हाला येत नाही, असं एखाद्या पोराने सांगितलं तर तुम्ही त्याचं ऐकाल, की त्याला उद्धट म्हणून हाकलाल?

ब्रेंडा कोपस्टेकने हाकललं असतं. ब्रेंडा म्हणजे आमच्या वस्तीच्या शाळेत तीसेक वर्षं जेवण वाढणारी बाई. इंग्लंडातल्या स्टोक शहराच्या या टेकडीवर आज चाळिशीच्या आत असलेला जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्या डावाखालून गेलेला आहे. कोण वाटाणे ताटाखाली लपवायचा, कोण कस्टर्डवरची साय बाजूला काढायची, तिला सगळं पाठ. कुणाच्या लग्नात गेली तरी नवऱ्यामुलाकडे बघून म्हणणार, "हा गाजर थुंकायचा."

चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात ती वाचनालयातून घरी निघाली होती. बाहेरच्या बाकावर तीन पोरं बसली होती. त्यांनी तिची पिशवी हिसकली, ती पडली, मनगट मोडलं. पिशवीत काय होतं? चष्मा आणि खोकल्याच्या गोळ्या. तिघांतल्या एकाला तिने पहिलीपासून वाढलं होतं. मनगटापेक्षा तिला तेच जास्त लागलं.

प्लास्टरमधल्या हातासकट तिचा फोटो पेपरात आला. मग चौकातल्या दुकानदारांनी अर्ज केला, अर्जावर पहिली सही ब्रेंडाची, डाव्या हाताने केलेली. वाचनालयाच्या दारावर एक राखाडी पेटी बसली. त्या पेटीतून इतका बारीक, तीक्ष्ण आवाज निघतो की तो फक्त कोवळ्या कानांना ऐकू येतो. पोरं वैतागतात आणि निघून जातात. पोरं तिला किरकिरी म्हणायची. आम्हा म्हाताऱ्यांना ती म्हणजे भिंतीवरचा डबा.

मी भाडेकरू संघाची चिटणीस. शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली, पण माणसाला आणि उंदराला एकाच पद्धतीने पळवू नये, एवढं कळायला शाळा लागत नाही. सभेत मी तेच बोलले, जरा चढ्या आवाजात. ब्रेंडा उभी राहिली आणि म्हणाली, "तुझं मनगट मोडलं का? नाही ना? मग बस खाली." सगळी सभा हसली आणि मी बसले. पेटी राहिली. बाक रिकामा झाला. ब्रेंडा पुन्हा वाचनालयात यायला लागली, आणि तिच्यासाठी तेवढं पुरे होतं.

आमचं वाचकमंडळ महिन्यातून एकदा, गुरुवारी दुपारी बसतं. ज्याने पुस्तक निवडलं त्याने केक आणायचा, आणि चहा संपताना प्रत्येकाने पुस्तकाला दहापैकी गुण द्यायचे. गेल्या जानेवारीत ग्रंथपाल नसरीनने एक कादंबरी निवडली. येऊ घातलेल्या काळातलं शहर, म्हाताऱ्यांना गंमत म्हणून बडवणारी पोरांची टोळी. सरकार पकडलेल्या पोराच्या कानामागे एक मणी बसवतं. हात उगारला की मणी असा चावतो की पोरगा जमिनीवर लोळतो. पुढे पुढे तो हात उगारायचा विचारही करत नाही. शहरभर शांतता. फक्त शेवटपर्यंत कळत नाही, पोरगा चांगला झाला की नुसता गप्प झाला.

गॉर्डनचं चौकात चिप्सचं दुकान आहे. तो म्हणाला, "चार गुण. शिव्या फार आहेत. मला शिव्या ऐकायच्या तर मी शनिवारी रात्री दुकान उघडं ठेवतो."

नसरीन म्हणाली, "मला दोन रात्री झोप नाही. आठ."

मी सात दिले. लेखकाने सरकारला पुरेसं झोडलं नाही असं माझं मत होतं.

ब्रेंडा म्हणाली, "नऊ. त्या मण्यासाठी. असा मणी खरोखर मिळत असता तर मी स्वतः बसवून दिला असता. पोराला स्वतः निवडायला काही उरत नाही म्हणता? त्याने निवडलं होतंच की, माझं मनगट."

मग टोकाला बसलेली कोर्टनी बोलली. सतरा वर्षांची, कॉलेजात जाणारी, दुसऱ्यांदाच आलेली. ही मुलगी टोपी कानांवर ओढून पळत आत यायची, म्हणून ब्रेंडाने तिच्यावर आधीच फुली मारली होती.

"तुम्ही बसवलाय मिसेस कोपस्टेक. दारावर आहे."

"ते वेगळं," ब्रेंडा म्हणाली. "ते जरासं टोचतं, बस. आणि वाईट पोरांसाठी आहे ते."

"मी काय केलंय?"

"तू कशाला काही करशील?"

"मग मला का ऐकू येतं? दातात ड्रिल चालू असल्यासारखं वाटतं. फक्त दात नाही, अख्खं डोकं. मी इथे पुस्तकांसाठी येते, आणि दर वेळी दाराशी मला चोरासारखं पळावं लागतं."

"अतिशयोक्ती," गॉर्डन केक चावत म्हणाला.

कोर्टनी उठली. "चला बाहेर."

ब्रेंडा उठली, कारण तिला आव्हान दिलेलं सहन होत नाही. तिच्यामागे आम्ही. सगळे त्या डब्याखाली मान वर करून उभे. मला कबुतरं ऐकू आली, गॉर्डनच्या दुकानातला पंखा ऐकू आला. कोर्टनी लांब रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली होती.

तेवढ्यात औषधाच्या दुकानातून एक बाई बाबागाडी ढकलत आली. गाडीत दीडेक वर्षाचं पोर, मजेत बिस्किट चघळणारं. पेटीच्या टप्प्यात आलं आणि त्याने बिस्किट टाकलं, दोन्ही हात कानांवर नेले, आणि भोकाड पसरलं.

ब्रेंडाने विचारलं, "काय झालं गं त्याला?"

"इथे आलं की असंच करतो," आई म्हणाली. "वाचनालयच आवडत नाही त्याला. दर मंगळवारी आणायचे गोष्टींना, सोडून दिलं. थोरली पण अशीच रडायची." आणि ती घाईने निघून गेली.

मी नसरीनकडे बघितलं. मंगळवारची लहानग्यांची गोष्टींची वेळ दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती, कारण कुणी येईना. वरचे साहेब म्हणाले होते, ही वस्तीच तशी, यांना पुस्तकांचं वावडं. मी त्या साहेबांना जे म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. पण खरं कारण मलाही सुचलं नव्हतं. नसरीनने बिचारीने बाहुल्या शिवल्या, गाणी शिकली, आपलाच आवाज खराब आहे असं ठरवून मोकळी झाली. ती आता त्या डब्याकडे बघत म्हणाली, "मी त्यांना दारात उभी राहून या या म्हणत होते."

ब्रेंडा म्हणाली, "त्या बाळाने कुणाची पिशवी चोरली?"

पेटीचं बटण गॉर्डनच्या दुकानात, तळणीच्या मागे. तो म्हणाला, "दाबायला मला काय, एक सेकंद. पण पोरं परत येतील, ब्रेंडा. अंधार चारला पडतो. आणि ती पेटी तुझ्या मनगटापायी बसली, माझ्या नाही. तू सांग."

तिने सांगितलं नाही. घरी गेली. पुढचा आठवडाभर ती वाचनालयात फिरकली नाही. मला तिच्याकडे जाऊन हक्कांवर बोलायची भारी खाज सुटली होती. पण चार वर्षं बोलून मी त्या बाईचा एक केस हलवला नव्हता, तेव्हा गप्प बसले. दुसऱ्या बुधवारी तिनेच माझं दार वाजवलं.

"गॉर्डनला बंद करायला सांगितलंय. काल बंद केली. आज पोरं बाकावर आहेत म्हणतो."

"मग?"

"मग पुस्तक परत करायचंय. कोपऱ्यापर्यंत चल माझ्याबरोबर. फक्त कोपऱ्यापर्यंत. पुढे आलीस तर बघ."

कोपऱ्यावर मी थांबले. बाकावर चौघं. पिशवी हिसकणारा त्यांत नव्हता, तो आता क्रू गावी राहतो. पण तोंडावर ओढलेल्या टोप्यांमुळे ते ब्रेंडाला दुरून कळायला मार्ग नव्हता. तिने पिशवी पोटाशी धरली होती, तेव्हा मोडलेला हात वरून. एकाने पाय वाटेवर लांब सोडले होते. ती त्या पायांपर्यंत गेली आणि थांबली.

"पाय घे रे."

पोराने वर बघितलं. पाय हलवले नाहीत. बाकीचे तिघं त्याच्याकडे बघायला लागले, हा काय करतो म्हणून. मी पुढे धावणार होते. पण तिने पाठीमागे हात करून मला तिथेच थांबवलं, न वळता.

पोराने सावकाश, अगदी मर्जीने, एकेक पाय आत घेतला. "सॉरी मिस," तो म्हणाला. मग जरा निरखून, "तुम्ही जेवण वाढायच्या ना?"

"तू वाटाणे खायचा नाहीस."

"अजून नाही खात."

"दिसतंयच तोंडावर," ब्रेंडा म्हणाली, आणि बाकीचे तिघं त्याला हसले. ती आत गेली. परत येताना पिशवी खांद्यावर होती.

सगळं गोड झालंय असं नाही. बाकाची एक फळी मोडली आहे. गॉर्डनच्या काचेवर कुणीतरी अंडी फोडली, आणि ते तो रोज सांगतो. ब्रेंडा त्याला म्हणते, "अंडं धुतलं जातं, आण बादली." आणि मंगळवारी सकाळी आता वाचनालयाच्या दारात बाबागाड्यांची इतकी गर्दी असते की मला आत शिरायला जागा नाही. नसरीनचा आवाज मात्र खरोखर खराब आहे. पोरांना चालतो.

फेब्रुवारीच्या बैठकीत मी ब्रेंडाला छेडलं, "त्या कादंबरीचे गुण कमी करणार का आता?"

"नऊच," ती म्हणाली. "कारण बदललं." कोणतं, ते तिने सांगितलं नाही. कोर्टनीला केकचा मोठा तुकडा वाढला, आणि न विचारता दुसराही.

पेटी अजून भिंतीवर आहे, फक्त मुकी. अशा पेट्या आणखी कुठे कुठे असतील, आपल्याला काय माहीत. म्हणून एक करा. आज बाहेर पडताना एखाद्या लहान पोराला बरोबर घ्या, तुमच्या दुकानांपुढे, फाटकापाशी, वाचनालयाच्या दारात उभं करा, आणि विचारा, तुला इथे काय ऐकू येतं. आणि ते जे सांगेल, ते त्याचं बोलून होईपर्यंत ऐका.